तलावाकडचा गोल

१४ नोव्हेंबर १९९९, रविवार. मंडईचा, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्या गावजत्रेचा दिवस

शिल्ड आपली! सलग चौथं वर्ष! गोंदिया जिल्हा होऊन सहाच महिने झाले आणि नव्या जिल्ह्यातला पहिला मंडई चॅम्पियन कोण? खैरटोल्याचा यंग स्टार फुटबॉल क्लब. सेक्रेटरी, कोच आणि मॅनेजर उदेलाल पटले, म्हणजे मीच. दवाखान्यात मी कंपाउंडर असेन, ग्राउंडवर डॉक्टर मीच.

फायनल टायब्रेकरवर गेली. शालीकरामनं तलावाकडच्या गोलमध्ये दोन टाळ्या वाजवल्या (ही त्याची सवय) आणि शेवटची पेनल्टी अडवली. काय उडी मारली! पडला तो थोडा वेळ उठलाच नाही. पोरांनी तसाच खांद्यावर घेतला.

सकाळचा किस्सा नोंदवून ठेवतो, पुढे क्लबचा इतिहास लिहायचा झाला तर कामी येईल. शालीकराम आठ वाजता दवाखान्यात आला. कुडकुडत होता. थर्मामीटर लावला. आकडा लिहीत नाही, थर्मामीटर जुना आहे. म्हणाला, आज नाही जमत कंपाउंडरभाऊ. शालीकराम ‘नाही जमत’ म्हणतो तेव्हा त्याला फक्त थोडा रेटा लागतो, हे कोच म्हणून मला माहीत. डॉक्टर दिवाळीपासून गावाला गेलेले. मग मीच एक इंजेक्शन टोचलं, दोन गोळ्या दिल्या आणि म्हटलं, गाव पाहुण्यांनी भरलंय, सगळ्यांसमोर आपली बेइज्जती करतो काय? गेला बिचारा. गेला म्हणजे ग्राउंडवर गेला.

१९ नोव्हेंबर १९९९

शालीकराम काल संध्याकाळी गोंदियाला वारला. मेंदूचा मलेरिया.

मलेरिया डास चावल्यानं होतो, फुटबॉल खेळल्यानं होत नाही. हे मेडिकल सायन्स आहे. सकाळपासून चार जणांना समजावून सांगितलं. विचारलं कोणीच नव्हतं.

त्याची बायको पुष्पावहिनी रडली नाही. चंदा तीन वर्षांची, तिला वाटतं बाप मॅचला गेलाय.

संकल्प : १) शालीकरामची आठवण क्लबनं कायम ठेवायची. २) पुष्पावहिनीला त्या सकाळचं सगळं सांगायचं, इंजेक्शन वगैरे. तेरवी झाली की लगेच.

१ डिसेंबर १९९९

तेरवी झाली. गर्दी फार होती. गर्दीत अशा गोष्टी बोलू नयेत. संक्रांतीनंतर बघू.

२२ ऑक्टोबर २०००

संक्रांत, होळी, पोळा, सगळं गेलं. कामं किती असतात माणसाला.

टीम तयार, फक्त गोलकीपरचा प्रॉब्लेम. भूपेंद्र उंच आहे पण बॉल आला की डोळे मिटतो. त्याला रोज सकाळी साडेपाचला प्रॅक्टिस. शार्प. (आज मी सात वाजता पोचलो, पण कोचनं टायमात पोचलंच पाहिजे असं नाही.)

आज एक आयडिया सुचली. केशोरीकडची टीम ग्राउंड पाहायला आली होती, चहाच्या टपरीवर बसली. मी सहज, अगदी सहज, म्हटलं, तलावाकडच्या गोलमध्ये जरा जपून राहा बरं. शालीकराम अजून तिथंच उभा राहतो. बॉल लाइनवर येतो आणि आपोआप बाहेर जातो. आधी दोन टाळ्या ऐकू येतात. त्यांच्या कॅप्टननं चहा अर्धा टाकला.

ह्याला सायकॉलॉजी म्हणतात.

१ नोव्हेंबर २०००. मंडई

पाचवी शिल्ड! त्यांचा सेंटर फॉरवर्ड तलावाकडच्या गोलसमोर एकटा होता. गोल रिकामा, कारण भूपेंद्र डोळे मिटून दुसरीकडेच पडला होता. पठ्ठ्यानं एकदा गोलकडे पाहिलं आणि बॉल थेट तलावात मारला. एका म्हशीजवळून पोहून आणावा लागला.

आमचा कॅप्टन बकाराम म्हणाला, भाऊ, त्या लोकायले कोनी शालीकरामचं काही सांगितलं का? मी म्हटलं, मला काय ठाऊक.

३ डिसेंबर २०००

प्रॅक्टिस चालू असताना पुष्पावहिनी ग्राउंडवर आली. शेळ्या घेऊन. माझ्यासमोर उभी राहून विचारलं, भाऊजी, लोक म्हनून राहिले ते खरं आहे का? तुमी सोता पाहिलं का त्यायले?

खरं सांगायची ही नामी संधी होती. सगळंच सांगून टाकणार होतो. पण अख्खी टीम कान टवकारून उभी. तिथं मी ‘नाही’ म्हटलं असतं तर ते संध्याकाळपर्यंत केशोरीला पोचलं असतं आणि पाच वर्षांची मेहनत पाण्यात. म्हटलं, हो वहिनी, पाहिलं. गोलच्या मधोमध उभा असतो.

तिनं मान हलवली. तलावाच्या पाळीवर, गोलच्या मागे जाऊन बसली. प्रॅक्टिस संपली तरी बसून होती.

फक्त टीमसाठी बोललो. एका वाक्यानं कोणाचं काय बिघडतं?

१९ नोव्हेंबर २००१

फायनल हरलो. १–३. तिन्ही गोल तलावाकडे.

भूपेंद्रला झापलं. तो लाइनच्या सहा पावलं पुढे उभा होता. म्हणतो, मागं गेलो का पाठीशी कोनी उभं राहून राहिलं असं वाटते जी. मी म्हटलं, अरे, शालीकराम आपल्याच टीमचा आहे, तुला मदतच करेल ना! तर म्हणे, त्यालेच जमत असन तर मले कायले उभा करता?

त्याला खरं सांगता येत नाही. म्हणजे त्याला सांगितलं तर तो बकारामला सांगेल आणि बकाराम जिल्ह्याला.

पुष्पावहिनी रोज येते. क्लबची अशी निष्ठावान प्रेक्षक दुसरी नाही.

१० नोव्हेंबर २००२

आज वहीवर बराच हिशेब मांडला. टॉस जिंका किंवा हरा, अर्धी मॅच तलावाकडच्या गोलमध्ये उभं राहावंच लागतं. फुटबॉलच्या नियमांतली ही फार मोठी चूक आहे. फेडरेशनला पत्र लिहिणार.

सेमीफायनलला बाहेर. समोरच्या टीमना आता सगळं पाठ झालंय. त्यांचे लोक लांबून टाळ्या वाजवतात, दोन. आमचा कीपर पळून मिडफिल्डमध्ये येतो. ह्यालाही सायकॉलॉजीच म्हणतात, पण ही हलकट सायकॉलॉजी.

२५ सप्टेंबर २००३. पितृमोक्ष अमावस्या

शालीकरामचा मोठा भाऊ दवाखान्यात आला, पाठ दुखते म्हणून. पाठ चांगली होती. खरं दुखणं वेगळंच निघालं. म्हणाला, आमचा मानूस अडकून राहिला जी, त्याले सोडवाची पूजा करू म्हनलं तर पुष्पा आयकत नाही. म्हनते पूजा केली तर ते जातीन. तुमी समजावून सांगा, तुमीच त्याले पाहिलं ना.

मी मलम दिलं. म्हटलं, सांगतो.

सांगायला गेलो. आज तिनं घरच्या नेमाप्रमाणे पितरांचं पान काढलंच नव्हतं. पितर म्हनजे मेलेले, म्हणाली, ते त तिथं उभे आहेत. मी परत आलो. वाटेत फार घाम आला. पित्त झालं असेल.

घरी बायकोनं, रामकलीनं, जेवताना विचारलं, तोंड का असं? मी क्लबचं टेन्शन आहे म्हटलं. ती म्हणाली, तुमचा क्लब आहेच कुठं आता.

बायकांना स्पोर्ट्समधलं कळत नाही.

१७ नोव्हेंबर २००४

०–६.

ह्या वर्षी गोलच्या आडव्या दांडीला लिंबू-मिरची बांधून पाहिली. नवा कीपर हेमेंद्र मॅचभर बॉल सोडून लिंबाकडेच बघत होता. हाफटाइमला विचारलं तर म्हणे, हललं जी ते. वारा आहे रे बाबा! भूपेंद्र क्रिकेटमध्ये गेला. तिथं विकेटकीपर आहे. डोळे उघडे ठेवतो म्हणतात.

बकारामनं मीटिंगमध्ये सुचवलं की गोलपोस्टच उपटून शाळेच्या बाजूला लावू. मी ठाम विरोध केला. तो गोल आपला वारसा आहे. आणि तो हलवला तर वहिनी कुठं बसेल? हे दुसरं मी बोललो नाही.

आता ताप म्हटला तर तापसुद्धा फारसा नव्हता त्या दिवशी. अंग कोमट होतं. कोमटच होतं.

८ ऑक्टोबर २००६. सकाळी ६

प्रॅक्टिसला कोणी नाही. धुकं. एकटाच बॉल मारत होतो, फिटनेस म्हणून.

दोन टाळ्या ऐकू आल्या. स्पष्ट.

बाया तलावावर कपडे आपटत असतील.

६.४०. घरी आलो. बाया कपडे धुवायला आठच्या आधी येत नाहीत. रामकलीला विचारून खात्री केली, कारण सांगितलं नाही. बॉल तिथंच राहिला. उद्या आणू.

९ ऑक्टोबर २००६

बॉल आणायला हेमेंद्रला पाठवलं. तो म्हणाला, तुमी कायले नाही जात? दोघांनी मिळून एक शेळीवाला पाठवला.

१८ नोव्हेंबर २००७

०–९. ह्यावर मी काही लिहिणार नाही.

एक वेगळीच गोष्ट लिहायची आहे. आज मॅच चालू असताना मी तलावाकडे बघत होतो (मॅचकडे बघण्यासारखं नव्हतं). पुष्पावहिनी एकटीच बोलत होती. ओठ हलत होते. मधेच थांबायची, जणू कोणी उत्तर देतंय, मग पुन्हा बोलायची.

सात वर्षांपासून ही तिथं बसते. सात वर्षं मी समजलो क्लबवर प्रेम आहे. काय सांगत असेल ती त्याला? आणि तो तिला काय सांगत असेल?

त्याला सगळं माहीत आहे. इंजेक्शन त्यालाच टोचलं होतं.

हे वरचं वाक्य मी लिहिलं, ते खोडायला पाहिजे. जो नाहीच, त्याला काय माहीत असणार? मीच बनवलेला आहे तो. टपरीवर. चहा पिताना.

२० नोव्हेंबर २००७

पाळीवरच्या बेशरमच्या झुडपांमागे बसून ऐकायचं ठरवलं. शास्त्रीय पद्धतीनं छडा लावायचा. चार वाजता बसलो. वहिनी सव्वाचारला आली. बोलायला लागली, पण आवाज इतका बारीक की वाऱ्यात गेला. मी थोडा पुढे सरकलो. तिच्या शेळीनं माझी टोपी खाल्ली.

वहिनी म्हणाली, इथं काय करून राहिले भाऊजी? मी कॉर्नर फ्लॅग शोधतोय म्हटलं. आपल्या ग्राउंडला २००२ पासून कॉर्नर फ्लॅग नाही.

ती हसली नाही. एवढंच म्हणाली, तुमाले पन दिसते ना ते? मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो? आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी गोलच्या मधोमध मला बघवतही नव्हतं.

४ नोव्हेंबर २००९

टीममध्ये सात जण. चौघं तिरोड्याला पॉवर प्लांटच्या बांधकामावर गेले. बकाराम म्हणाला, सात जणांनी खेळू. मी म्हटलं आठ. त्यानं मोजून पाहिलं आणि माझ्याकडे विचित्र बघितलं.

मॅच झाली नाही. समोरची टीम मंडईत आकाशपाळण्यात बसायला गेली आणि परत आली नाही.

दवाखान्यात जुना थर्मामीटर फुटला. डॉक्टर म्हणाले, जाऊ दे, जुना होता. जुना होता पण बरोबर दाखवायचा. एकशे चार होता तो. एकशे चार आणि वर एक रेघ. दहा वर्षं झाली, रेघ डोळ्यासमोरून जात नाही.

संकल्प : ह्या महिन्यात वहिनीला सांगायचं. नक्की.

२ जानेवारी २०१०

नवीन वर्षाचा संकल्प : नोव्हेंबरातलाच संकल्प.

३० ऑक्टोबर २०११. मंडई

ह्या वर्षी ग्राउंडवर नाटकाचा स्टेज टाकला. फुटबॉल नाही. कोणी विचारलंसुद्धा नाही की फुटबॉल का नाही. स्टेजचा मांडव तलावाकडच्या गोलपोस्टला बांधला होता, म्हणजे आपला काही तरी उपयोग झाला.

यंग स्टार क्लबची वार्षिक मीटिंग घेतली. हजर : मी. ठराव : पुढच्या वर्षी शिल्ड परत आणणे. सर्वानुमते मंजूर.

वहिनीला स्टेजमुळे तिच्या जागेवर बसता आलं नाही. सबंध दिवस मांडवाच्या बाहेर उभी होती, कनातीला हात लावून. चंदा तिला घरी न्यायला आली. पंधरा वर्षांची झाली पोरगी. मला म्हणाली, काका, आईले तुमीच सांगा ना आता, तुमचंच आयकते ते.

मी बरं म्हटलं. घरी येऊन जेवलो नाही. रामकलीनं आज काही विचारलं नाही, नुसती बाजूला बसून राहिली.

२ नोव्हेंबर २०१३

बकाराम सरपंच आहे आता. ग्रामपंचायतीनं ग्राउंडवर धानाचं गोदाम बांधायचं ठरवलं. गोलपोस्ट येत्या हप्त्यात काढणार. मी विरोध करायला उभा राहिलो. बकारामनं शांतपणे विचारलं, भाऊ, क्लबात सध्या किती जन? मी तोंड उघडलं आणि आठ म्हणणार होतो. बसलो.

म्हणजे आता वेळ उरला नाही. चौदा वर्षं टाळलं ते ह्या आठवड्यात सांगावंच लागेल. वहिनी दुसऱ्या कोणाकडून नाही, माझ्याकडून ऐकेल.

भाषण तयार केलं. तीन मुद्दे. आधी गोलमधल्या शालीकरामची गोष्ट, ती सोपी आहे, मीच बनवली एवढं म्हटलं की झालं. मग ताप. मग इंजेक्शन आणि मी त्याला काय बोललो ते. शेवटी हात जोडायचे. ती शिव्या देईल, मारेलसुद्धा. मारू दे. त्यानंतर मला झोप लागेल. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं, दुसऱ्या वेळी मुद्द्यांचा क्रमही चुकला नाही. चांगलं भाषण झालं आहे.

१० नोव्हेंबर २०१३, रविवार. मंडई

सांगितलं.

सकाळी दहाला. ती पाळीवर तिच्या जागी होती. मी पहिल्यांदाच गोलच्या मागे, तिच्या शेजारी जाऊन बसलो. तीनही मुद्दे सांगितले. हात जोडायचं विसरलो.

तिनं शेळीची दोरी हाताला गुंडाळून घेतली. मग तापाचं आधी बोलली. म्हणाली, मले मालूम होतं जी. रातभर माझ्याच बाजूले कुडकुडून राहिले होते ना ते. सकाळी नाही जात म्हनत होते. माझा भाऊ, भावजय, सगळे मंडईले आले होते, सांगून आले होते का घरच्या जवायाची मॅच पाहू. मीच म्हनलं, पाहुने घरी आले अन् तुमी पांघरून घेऊन झोपता? तुमी दवाखान्यात रेटा दिला, तवा ते घरून रेटा घेऊनच आले होते. बुटाचे बंद मी बांधले.

मला हलकं वाटायला पाहिजे होतं. अर्धं ओझं दुसऱ्यानं उचललं म्हणजे वाटतं तसं. क्षणभर वाटलंही, खोटं कशाला लिहू.

मग ती म्हणाली, तेच त सांगत होती त्यायले मी. तुमी म्हनलं का ते इथं उभे राहतेत, म्हनून आली. रोज माफी मांगली. मांगता मांगता वाटाले लागलं का ते आयकून राहिले. मागच्या साली त वाटलं का माफ केलं. घरी जाऊन मी पोटभर जेवली त्या दिवशी.

गोलकडे पाहिलं तिनं. दोन दांड्या, एक आडवी, मागे पाणी.

म्हणाली, अन् तुमी आता म्हनता का इथं कोनीच नव्हतं. मंग मले माफ कोनं केलं भाऊजी?

मी घाईघाईनं म्हणालो, नाही वहिनी, आहे, तो आहे, मी टाळ्या ऐकल्या आहेत, २००६ साली, सकाळी सहा वाजता, शपथ घेऊन सांगतो. हे खरं होतं. भाषणाबाहेर तिला सांगितलेलं पहिलं खरं, आणि तिनं ते ऐकलंसुद्धा नाही. शेळ्या गोळा केल्या. जाताना एवढंच म्हणाली, कायले सांगितलं जी तुमी?

१२ नोव्हेंबर २०१३

वहिनी काल आली नाही. आज आली नाही. चंदा म्हणाली, घरातच बसून आहे, जेवत नाही.

दुपारी गोलपोस्ट काढायला माणसं येणार होती. त्याच्या आधी मी जाऊन पाळीवर तिच्या जागेवर बसलो. शालीकराम, म्हटलं. पुढचं सगळं तोंडपाठ होतं. दोन टाळ्यांची वाट पाहिली, मग पुन्हा हाक मारली. मग माणसं आली आणि त्यांनी मला बाजूला व्हायला सांगितलं.